पाळण्याबाहेरचें मूल

घरांत दुसरें मूल जन्मास आलें म्हणजे साऱ्या घराचें तोंड पाळण्याकडे वळतें. दाराशीं चपलांची गर्दी होते, शेजारणी पावलें न वाजवितां आंत येतात, टेलिफोनवर वजन किती, रंग कोणाचा, नाक कोणाचें, ह्यांची चौकशी चालते; स्वयंपाकघरांत हळीव भिजत पडतात आणि डिंक तळल्याचा वास जिन्यापर्यंत येतो. ह्या गडबडींत दोन-अडीच वर्षांचें एक मूल दाराच्या चौकटीला टेकून उभें असतें. त्याच्या अंगावर स्वच्छ कपडे असतात, पोटांत वेळेवर वरणभात गेलेला असतो, आणि त्याला काय होत आहे हें मात्र कोणीं विचारलेलें नसतें. आज आपणांशीं बोलावयाचें आहे तें ह्या पाळण्याबाहेरच्या मुलाविषयीं.

मी वैद्य नाहीं आणि मानसशास्त्राचा पदवीधरहि नाहीं. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली आणि तींतच केंस पांढरे केले, एवढाच माझा अधिकार. पहिली-दुसरीच्या वर्गांत सहासात वर्षांचीं मुलें पुष्कळ पाहिलीं. परंतु तीं मास्तरांच्या हातीं पडतात तेव्हां, आज मी सांगणार आहें तो प्रसंग त्यांच्यावर बहुधा येऊन गेलेला असतो. म्हणून ह्या विषयांतलें माझें खरें शिक्षण झालें तें सेवानिवृत्तीनंतर, आणि शिक्षक होता अडीच वर्षांचा आमचा नातू. गेल्या वर्षीं त्याला बहीण झाली. घरांत कामांची वांटणी झाली. बाळंतिणीचें पथ्यपाणी माझ्या पत्नीकडे, बाहेरची धांवपळ चिरंजीवांकडे, आणि 'आबा रिकामेच आहेत' ह्या सर्वमान्य सिद्धांतान्वयें नातू माझ्याकडे.

अडीच वर्षांचें मूल म्हणजे काय चीज असते हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. तें लहान लहान वाक्यें बोलतें, पण त्याला 'परवां' समजत नाहीं. त्याच्या पंचांगांत 'आतां' एवढा एकच वार असतो. तें धांवतें, पण पडलें कीं उठण्यापूर्वीं आई कोठें आहे तें पाहतें, आणि तिच्या चेहऱ्यावरून मग रडावयाचें कीं नाहीं हें ठरवितें. आई हेंच त्याचें घड्याळ, होकायंत्र आणि न्यायालय. अशी आई एका रात्रीं उठून कोठेंसें निघून जाते. 'दवाखान्यांत गेली' हे शब्द त्याला ऐकूं येतात. पण दवाखाना म्हणजे त्याच्या अनुभवाप्रमाणें सुई टोंचण्याची जागा. तीनचार दिवसांनीं ती परत येते ती हळूहळू पावलें टाकीत, आणि तिच्या हातांत दुसरेंच कोणी असतें. पोटावर टांके पडले असल्यास तिनें ह्याला उचलावयाचेंहि नसतें. आपणां मोठ्यांना मनाच्या तयारीसाठीं नऊ महिने मिळालेले असतात. त्याला एक सकाळहि मिळालेली नसते.

जी कांहीं तयारी आपण करून दिलेली असते ती बहुधा फसवी. 'तुला खेळायला बाळ आणूं,' असें आपण मोठ्या कौतुकानें सांगतों. आणि येतें काय? चोवीस तासांपैकीं सोळासतरा तास झोंपणारें, आठ ते बारा वेळां दूध पिणारें आणि मधल्या वेळांत रडणारें एक तांबूस गांठोडें, ज्याला हात लावला कीं चार माणसें एकदम ओरडतात. महिना-दीड महिना होईपर्यंत तें ओळखीचें हंसतहि नाहीं. ह्यापेक्षां 'बाळ रडेल, झोंपेल, दूध पिईल, त्याला खेळतां येणार नाहीं' असें आधींच खरें सांगितलेलें बरें. आम्हीं तें सांगितलें नव्हतें. चवथ्या दिवशीं नातवानें मला कोपऱ्यांत नेऊन हळूच विचारलें, "आबा, हें बाळ त्याच्या घरीं कधीं जाणार?" पाहुणें समजून तीन दिवस त्यानें तें मोठ्या सभ्यपणानें सोसलें होतें. मीं सांगितलें कीं तें जाणार नाहीं, आतां येथेंच राहणार. तो कांहीं बोलला नाहीं. त्याच रात्रींपासून त्याचें अंथरूण भिजूं लागलें.

व्हिएन्ना येथील मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर (१८७०–१९३७) ह्यांनीं थोरल्या मुलाच्या ह्या अवस्थेस पदच्युतीची उपमा दिली आहे. ॲडलरसाहेब हे आपल्या आईबापांचें दुसरें अपत्य. तेव्हां तेहि कोणाला तरी पदच्युत करूनच जन्मले होते. जन्मक्रमावरून माणसाचा साराच स्वभाव ठरतो असें ते पुढें म्हणूं लागले, त्याला अलीकडच्या मोठ्या पाहण्यांनीं फारसा आधार दिलेला नाहीं. उपमा मात्र मला पटते. एवढेंच कीं, राजाचें राज्य शत्रु घेतो; ह्याचें राज्य त्याच्या सर्वांत प्रिय माणसानेंच दुसऱ्याला दिलेलें असतें, आणि त्यावर ह्यानें पेढे वांटावे अशी आपली अपेक्षा असते.

अशा वेळीं मूल मागें जातें. सुटलेला अंगठा पुन्हा तोंडांत जातो, स्वच्छ बोलणारी जीभ बोबडी होते, दुधाची बाटली आठवते, पाळण्यांत निजण्याचा हट्ट होतो, आईच्या अंगावरचें दूध सुटून वर्ष झालेलें असलें तरी त्याची मागणी होते. घरचीं माणसें म्हणतात, 'आतां तूं मोठा झालास ना?' हें वाक्य मीं स्वतः पहिल्या आठवड्यांत किती वेळां उच्चारलें असेल ह्याची गणती नाहीं. पण त्या मुलाच्या बाजूनें विचार करा. ह्या घरांत जो अंथरूण ओलें करतो त्याला ताबडतोब उचलतात. जो रडतो त्याच्याकडे चार माणसें धांवतात. आणि जो स्वतःच्या हातानें जेवतो, स्वतः चड्डी घालतो, त्याला 'जरा थांब' म्हणून सांगतात. मोठेपणांत तोटा आहे हा त्याचा निष्कर्ष तर्कशास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे. मास्तर असून मला त्यांत चूक काढतां आली नाहीं.

शेवटीं सूनबाईंनींच मार्ग काढला. पाळण्यांत निजायचें म्हणतो ना, निजूं दे. तान्हीला मांडीवर घेऊन तिनें त्याला पाळण्यांत झोपविलें, वर दुपटें घातलें आणि चांगले पांच मिनिटें झोंका दिला. सहाव्या मिनिटाला "उकडतंय" म्हणून तो स्वतःच खालीं उतरला. बाटलींतून पाणी पिण्याची हौस दोन दिवस टिकली. अंथरुणाविषयीं कोणींहि चकार शब्द काढावयाचा नाहीं, मुकाट्यानें चादर बदलावयाची असा नियम केला, तें पांचसहा आठवड्यांनीं थांबलें. अर्थात् लघवीला आग होत असेल, ताप येत असेल किंवा हा प्रकार फार लांबला, तर डॉक्टरांना दाखवावें. प्रत्येक गोष्ट मनाच्या खात्यावर मांडूं नये. मात्र एक पथ्य अवश्य पाळावें. पाळणा सोडविणें, खोली बदलणें, शिशुवर्गांत घालणें, लंगोट सोडवून शौचाची संवय लावणें हे सगळे बदल बाळाच्या आगमनालाच गांठून करूं नयेत. ते दोनतीन महिने आधीं तरी उरकावे, नाहीं तर खुशाल लांबणीवर टाकावे. आपली जागा बाळानें घेतली असें जें त्याला वाटत असतें, त्याला आपण होऊन पुरावा कशाला द्यावयाचा?

थोरल्याचें हें हाल होणें केवळ मनाचें नसतें, शरीराचेंहि असूं शकतें. पश्चिम आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना देश. तेथें काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स ह्या बाईंनीं १९३३ सालीं लहान मुलांच्या एका रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि १९३५ सालीं त्याला तेथील गा भाषेंतलेंच 'क्वाशिओरकोर' हें नांव दिलें. पाय सुजलेले, केंसांचा काळेपणा गेलेला, कातडीचे पोपडे निघत आहेत, आणि मूल खेळत नाहीं कीं हंसत नाहीं. त्या शब्दाचा तेथल्या बायकांच्या मनांतला अर्थ असा कीं, पाठचें मूल जन्मलें म्हणजे आधींच्या मुलाला जडणारा आजार. आईचें दूध एकाएकीं तुटून मुलाला नुसत्या मक्याच्या पेजेवर राहावें लागे. त्या बायकांना प्रथिनें ठाऊक नव्हतीं, पण कोणतें मूल आजारी पडतें हें त्यांनीं बरोबर हेरलें होतें. आपल्या शहरी घरांत अन्नाचा तुटवडा नाहीं; तथापि बाळंतिणीच्या लाडवांच्या आणि तान्ह्याच्या दुधाच्या हिशेबांत थोरल्याच्या ताटांत आज डाळ, अंडें, दही कांहीं गेलें कीं नुसता बिस्किटांवर दिवस निघाला, हें पाहणारें एक माणूस नेमलेलें असावें. जागतिक आरोग्य संघटना एका बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेपूर्वीं निदान २४ महिन्यांचें अंतर असावें असा सल्ला देते, तो आईच्या व पोटांतल्या बाळाच्या प्रकृतीसाठीं. पण त्यांत थोरल्याचेंहि कल्याण आहे.

आतां एक जुनी गोष्ट सांगतों. ती सांगतांना अजूनहि मला संकोच वाटतो. १९९० सालीं आमच्या घरीं दुसरें मूल झालें तेव्हां आमचा थोरला, म्हणजे आजचे हे चिरंजीव, सव्वादोन वर्षांचा होता. बाळंतिणीला विश्रांति मिळावी म्हणून वडीलधाऱ्यांनीं सल्ला दिला कीं थोरल्याला आजोळीं पाठवा. त्यांत वावगें कांहींच नव्हतें. पुष्कळ घरांत तशीच रीत होती. मामा येऊन त्याला घेऊन गेला. दीड महिना तो तेथें राहिला. आजोळ एस्. टी. नें सबंध दिवसाच्या वाटेवर. माझी शाळा चालूं. मी एकदांहि गेलों नाहीं. पत्रें येत तीं समाधानाचीं. पहिल्या पत्रांत होतें, रात्रीं फार रडतो. दुसऱ्यांत, आतां कमी रडतो, पण गप्प असतो. तिसऱ्यांत मामीनें लिहिलें होतें कीं स्वारी मजेंत आहे, आईचें नांवहि काढीत नाहीं. तें तिसरें पत्र मीं पत्नीला मोठ्यानें वाचून दाखविलें, आणि आम्हां दोघांनाहि आनंद झाला.

दीड महिन्यानें मामाचा हात धरून तो उंबऱ्याशीं येऊन उभा राहिला. आईनें दोन्ही हात पुढें केले. तो मामाच्या पायांमागें लपला. सर्वांनीं 'ही कोण? ही कोण?' म्हणून फार विचारलें तेव्हां आईकडे पाहून तो म्हणाला, "मामी." पत्नी उठून स्वयंपाकघरांत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाहीं. त्यानंतरचे तीनचार महिने उलट प्रकार झाला. आईचा पदर मुठींत असल्याशिवाय तो झोंपेना, ती न्हाणीघरांत गेली कीं दार बडवी, आणि संधि सांपडतांच धाकट्याला चिमटे काढी. त्याबद्दल मीं त्याला शिक्षा केल्या. सव्वादोन वर्षांच्या मुलाला भिंतीकडे तोंड करून उभें केलें. वर्गांतला उपाय घरांत चालविला, आणि मुलगा हट्टी निघाला असें चारचौघांत सांगितलें.

'आईचें नांवहि काढीत नाहीं' ह्या वाक्याचा अर्थ मला फार वर्षांनीं कळला. लंडन येथें जेम्स रॉबर्टसन नांवाचे एक गृहस्थ होते. त्यांनीं व त्यांच्या पत्नी जॉइस ह्यांनीं आईपासून थोड्या दिवसांकरितां दुरावलेल्या लहान मुलांचे चित्रपट काढले आहेत. त्यांतला १९६९ सालचा एक चित्रपट सतरा महिन्यांच्या जॉन ह्या मुलाचा आहे. आई दुसऱ्या बाळंतपणासाठीं इस्पितळांत, आणि मूल नऊ दिवस एका शिशुगृहांत. तेथील मुली प्रेमळ होत्या, परंतु कामाच्या पाळ्यांप्रमाणें बदलत. जॉननें एकीजवळ जाऊन पाहिलें, दुसरीजवळ जाऊन पाहिलें. शेवटीं एक भलें मोठें कापडी अस्वल कवटाळून तो पडून राहूं लागला. आई न्यावयास आली तेव्हां किंचाळून तो तिच्या मांडीवरून दूर झाला. रॉबर्टसनांचें म्हणणें असें कीं, आईवेगळें मूल प्रथम आकांत करतें, मग निराश होऊन मुकें होतें, आणि पुढें तिला मनांतून दूर सारतें. बाहेरच्या माणसांना ही तिसरी पायरी 'रुळल्या'सारखी दिसते. आमचीं तीन पत्रें म्हणजे ह्या तीन पायऱ्याच होत्या.

ह्याच दांपत्यानें, आई बाळंतपणासाठीं इस्पितळांत असतां, चार मुलें एकेक करून स्वतःच्या घरीं सांभाळलीं. मुलाची आधीं ओळख करून घेतली, त्याचें अंथरूण व खेळणीं बरोबर आणविलीं, खाण्याच्या संवयी त्याच कायम ठेवल्या, आणि आईचा फोटो समोर ठेवून तिच्याविषयीं रोज बोलत राहिलीं. हीं मुलें दुःखी झालीं, कांहीं चिडलीं, पण जॉनसारखीं तुटलीं नाहींत. तेव्हां ज्यांना मुलाला दुसरीकडे ठेवण्यावांचून गत्यंतरच नाहीं, त्यांनीं निदान एवढें करावें. आणि आईचें नांव काढल्यानें मूल रडतें म्हणून तें नांव टाळूं नये.

ह्या खेपेला तशी चर्चा निघण्यापूर्वींच चिरंजीव म्हणाले, "ह्याला कोठेंहि पाठवायचं नाहीं." त्यांना स्वतःचें कांहीं आठवतें कीं काय हें मीं विचारलें नाहीं. इतक्या लहानपणचें कोणाला आठवत नाहीं असें म्हणतात. दुसऱ्या दिवशीं मी नातवाला घेऊन दवाखान्यांत गेलों. सूनबाईंनीं एक शहाणपणा केला होता; आम्ही खोलींत शिरलों तेव्हां बाळ बाजूच्या पाळण्यांत होतें आणि तिचे दोन्ही हात मोकळे होते. तो आधीं खाटेवर चढून तिच्या कुशींत पडला, मग पुष्कळ वेळानें त्यानें 'तें काय आहे?' म्हणून विचारलें.

दवाखान्यांतून घरीं आल्यावर पाहुण्यांचा त्रास सुरू झाला. आपल्याकडे मुलांना चिडविण्याची एक दुष्ट संवय आहे. 'आतां तुला कोण विचारतो?', 'आतां आई बाळाची', 'आम्ही नेऊं का हें बाळ?' आणि मूल 'न्या' म्हणालें कीं सगळी खोली हंसते. एका वयस्क बाईंनीं असाच प्रश्न केला तेव्हां नातवानें आंत जाऊन त्यांची पिशवी आणून दिली. मी हंसलों नाहीं. मीं पुढें दारांतच पाहुण्यांना सांगूं लागलों कीं प्रथम थोरल्याशीं दोन शब्द बोला. तान्हीला मानापमान कळत नाहीं. कांहीं मंडळींना हा म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा वाटला. वाटो.

बारशाच्या दिवशीं मात्र गंमत झाली. बाळाबरोबर पाळण्यांत वरवंटा घालण्याची रीत आपणांस ठाऊक आहेच. कुंची घातलेला तो वरवंटा पाहून नातवाचा चेहरा एकदम खुलला. तो आजीला म्हणाला, "हेंच बाळ ठेवूं या. हें रडत नाहीं." आत्यानें बाळाच्या कानांत नांव सांगितलें, तिच्या पाठींत नेहमींप्रमाणें धपाटे बसले, त्या धपाट्यांत त्याचाहि हात होता, आणि मग त्यालाहि कानांत नांव सांगावयास लावलें. नांव सांगून झाल्यावर तो तसाच कानाशीं बराच वेळ कांहीं पुटपुटत राहिला. काय सांगितलें तें त्यानें कोणाला कळूं दिलें नाहीं.

दिवसांतली सर्वांत कठीण वेळ म्हणजे पाजण्याची. आई एका जागीं बसते, तिचे हात गुंतलेले असतात आणि ती उठूं शकत नाहीं, हें मूल अचूक ओळखतें. नेमक्या त्याच वेळीं नळ सुटतो, पिठाचा डबा उलथतो, फुलदाणी पडते. १९८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथांत ज्यूडी डन व कॅरल केंड्रिक ह्या संशोधक बाईंनीं केंब्रिज येथील ४० कुटुंबांत स्वतः जाऊन केलेलीं निरीक्षणें दिलीं आहेत. त्यांत एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. ज्या घरांत आई थोरल्याशीं बाळाविषयीं एक माणूस म्हणून बोलत असे, त्याला काय हवें असेल, तें कां रडत असेल असें विचारीत असे, त्या घरांत भावंडांचा परस्परांशीं व्यवहार पुढें अधिक गोडीचा आढळला. आम्हीं तसें करून पाहिलें. "कां रडते रे ती?" असें विचारल्यावर पहिलें उत्तर आलें, "वाईट आहे म्हणून." महिन्याभरानें उत्तर आलें, "तिला आई पाहिजे." हें उत्तर त्याला दुसऱ्या कोणीं शिकविण्याची गरज नव्हती, तो त्या विषयांत तज्ज्ञ होता.

पाजण्याच्या वेळेसाठीं एक टोपली केली. तींत लाकडी डाव, रिकामे डबे व त्यांचीं झांकणें, जुन्या पत्रिका, गोष्टींचें एक पुस्तक. आणि ती टोपली फक्त बाळ पीत असतांनाच खालीं यावयाची. मग तो आईच्या दुसऱ्या बाजूला टेकून बसूं लागला. मोबाईल हातांत दिला तर हें सारें एका क्षणांत साधतें, हें मला ठाऊक आहे, आणि कांहीं दुपारीं आम्हींहि तें केलें. पण त्यानें मूल शांत होतें तें आईजवळ बसून नव्हे, आईला विसरून. दुसरी एक लहानशी गोष्ट. 'हळू, बाळ उठेल', 'थांब, बाळ पितंय', असें दिवसभर ऐकून प्रत्येक नकाराला बाळच कारण असतें अशी त्याची खात्री होते. म्हणून सूनबाई कधींमधीं त्याच्या देखत तान्हीलाहि बजावते, "थांब हं, दादाचं जेवण चालूं आहे." तान्हीला ह्यांतलें कांहीं कळत नाहीं, ज्याला कळायचें त्याला कळतें.

सकाळीं तान्हीला अंघोळ घालावयास बाई येत. तेल लावून पायांवर घेऊन न्हाऊं घालण्याचा तो सोहळा नातू दारांतून पाही. एके दिवशीं तो कपडे काढून शेजारीं आडवा झाला. बाईंनीं न बोलतां त्यालाहि तेल चोळलें, आणि तेव्हांपासून रोज दोघांची अंघोळ झाली. दुपारीं तान्ही आजीकडे देऊन आई त्याला घेऊन पंधरावीस मिनिटें दार लावून बसे. पंधरावीसच, पण त्या वेळीं कोणीं हांक मारावयाची नाहीं. सूनबाईंना २०१७ च्या दुरुस्त कायद्याप्रमाणें २६ आठवड्यांची रजा होती म्हणून हें साधलें. जिची नोकरी अशी नाहीं, किंवा घरांत आजी-आजोबा नाहींत, तिला ही पंधरा मिनिटें कोठून काढावीं हें सांगणें मला कठीण आहे. तेथें बापानेंच तान्हें उचलून बाहेर फिरावयास नेलें पाहिजे.

माझ्या स्वतःच्या हातून एकदां मोठा अनर्थ व्हावयाचा. तान्ही सवा महिन्याची असेल. पत्नी स्वयंपाकघरांत, सूनबाई न्हाणीघरांत, दोन्ही मुलें माझ्या हवालीं. आणि वर्तमानपत्र वाचतां वाचतां माझा डोळा लागला. जाग आली ती शांततेमुळें. लहान मुलाच्या घरांत शांतता झाली कीं उठून पाहावें. नातू स्टुलावर चढून पाळण्यावर वांकला होता आणि "खा, खा" म्हणत एक शेंगदाणा तिच्या ओठांत घालीत होता. मी ओरडलों. तान्ही दचकून रडूं लागली, सूनबाई ओल्या केंसांनीं धांवत आली, दाणा ओठांवरच होता तो तिनें काढला, आणि थोरल्याला एक चपराक दिली. घरांत सर्वांनीं एकच म्हटलें: मत्सर.

अर्ध्या तासानें तो पलंगाखालून बाहेर आला तेव्हां त्याची मूठ मिटलेलीच होती. उघडून पाहिली तर घामानें भिजलेले चार दाणे. मीं त्याला दुपारच्या खाऊला दिलेल्या पांचांपैकीं ते चार. स्वतःच्या खाऊंतला दाणा तो तोंवर कोणालाहि देत नसे. सूनबाई त्याला जवळ घेऊन खूप रडली. त्या दिवसांत तिला सलग दोन तास झोंप मिळत नव्हती, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. थकलेल्या आईचा हात उठतो तेव्हां तिला विश्रांति द्यावी, उपदेश देऊं नये. दोष माझा होता, आणि तो दुहेरी होता. एक तर अडीच वर्षांच्या मुलालाहि अख्खे शेंगदाणे देऊं नयेत. चारपांच वर्षांपर्यंत ते श्वासनलिकेंत अडकण्याचें भय असतें. दुसरें, इतक्या लहान भावंडांना क्षणभरहि एकटें सोडूं नये. थोरल्याचा राग जितका धोक्याचा तितकीच त्याची माया. बाळाला दाणा भरविणें, पांघरूण तोंडावर ओढणें, उचलून कडेवर घेऊं पाहणें, हें सारें तो प्रेमानेंच करतो.

मग त्याला निर्धोक असें काय करतां येईल? मीं त्याला दाखविलें कीं तान्हीच्या तळहातावर आपलें बोट ठेवलें कीं ती तें घट्ट धरते. नवजात मुलांत ही पकड उपजतच असते आणि तीनचार महिन्यांत ओसरते, हें मला ठाऊक होतें. त्याला मात्र ती स्वतःची निवड वाटली. "आबा, तिनं मला धरलं!" म्हणून तो ओरडला, आणि बोट न सोडवितां तसाच उभा राहिला. तोंड वीतभर अंतरावर नेलें तर तिला तें चांगलें दिसतें, हेंहि त्याला सांगितलें. पुढें दीड महिन्याची झाल्यावर ती जें पहिलें हंसली तें त्याच्याकडे पाहून, असें त्याचें म्हणणें आहे. आम्ही कोणी तेथें नव्हतों... नव्हे, पत्नी दारांतच होती. ती म्हणते खरें आहे.

"तिला दाणा कधीं द्यायचा?" हा प्रश्न मात्र तो विसरला नाहीं. पहिले सहा महिने फक्त आईचें दूध, पाणीसुद्धां नाहीं, असें डॉक्टरांनीं सांगितलें होतें, तेंच मी त्याला सांगत आलों. सहा महिने पुरे झाले तेव्हां उष्टावण केलें. मामानें चांदीच्या वाटींतली खीर तिच्या ओठांना लावली, तिनें तोंड वांकडें करून ती बाहेर काढली, फोटो झाले. सगळे उठल्यावर नातवानें माझा सदरा ओढून विचारलें, "आतां दाणा?" मीं सांगितलें, अजून नाहीं; आणि तुलाहि नाहीं, तुला कूट. तो कुटाची वाटी घेऊन तिच्यासमोर बसला. तिनें हात पुढें केला. त्यानें वाटी जरा मागें ओढली, थोडा विचार केला, आणि रिकामा चमचा तिच्या हातांत दिला.